जॉन हेन्रीने हातोडा खाली ठेवावा

नॉर्थ कॅरोलायनातला एक म्हातारा शेतकरी १९७८ साली एका तरुण संशोधकाला आपली हकिगत सांगत बसला होता. शेतकऱ्याचं नाव जॉन हेन्री मार्टिन, जन्म १९०७चा. संशोधक होते शर्मन जेम्स, साथरोगशास्त्राचे अभ्यासक. दोघेही कृष्णवर्णीय. मार्टिन यांची शाळा दुसरीतच सुटली होती, लिहायला-वाचायला ते आपले आपण शिकले. घरी अठराविश्वे दारिद्र्य आणि कपाळी दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणं. जमीन मालकाची, बियाणं-खत त्याच्याच उधारीवर, हंगाम संपल्यावर हिशेबाची वहीही त्याच्याच हातात. आणि त्या वहीत राबणाऱ्याकडेच काही ना काही बाकी निघायची. दक्षिणेतल्या लाखो कृष्णवर्णीय कुटुंबांच्या पिढ्या या वहीत अडकल्या. मार्टिन यांनी त्यातून सुटायचं ठरवलं. जमिनीसाठी चाळीस वर्षांच्या मुदतीचं कर्ज काढलं आणि रात्रीचा दिवस करून पाच वर्षांत फेडून टाकलं. चाळिशीला पोचेपर्यंत नवरा-बायकोच्या नावावर ७५ एकर शेती झाली होती.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही सत्कारसमारंभात सांगण्याजोगी आहे. पुढची सहसा कोणी सांगत नाही. पन्नाशी सरता सरता मार्टिन यांना उच्च रक्तदाब जडला, संधिवाताने सांधे धरले, आणि पोटातला अल्सर इतका चिघळला की जठराचा ४० टक्के भाग कापून काढावा लागला. गप्पा चालू असताना त्यांच्या पत्नीने जेवायला हाक मारली, नाव घेऊन. ती हाक ऐकताच जेम्स यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

जॉन हेन्री हे नाव अमेरिकेत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे बोगदे खोदले जात होते, त्या काळातला हा दंतकथेतला मजूर. कातळात सुरुंगाची भोकं पाडणारा, अंगाने धिप्पाड, हातोड्याचा उस्ताद. वाफेवर चालणारं यंत्र आलं तेव्हा त्याने यंत्राशी पैज लावली, ती जिंकली आणि हातात हातोडा असतानाच कोसळून मेला. त्याच्यावरची गाणी आपल्याकडच्या पोवाड्यांसारखी शंभरेक वर्षं गायली गेली आहेत. त्यांत विजयाचा भाग मोठ्या आवाजात असतो.

जेम्स यांनी मरणाकडे पाहिलं. परिस्थिती कितीही उलटी असली तरी ‘मी आणखी जोर लावीन, पण हटणार नाही’ या वृत्तीला त्यांनी ‘जॉन हेन्रीइझम’ हे नाव दिलं आणि ती मोजण्यासाठी बारा विधानांची प्रश्नावली तयार केली. १९८३ पासून त्यांचे निष्कर्ष छापून येऊ लागले. ही वृत्ती प्रबळ आणि हाताशी शिक्षण-पैसा पुरेसा, अशा माणसांच्या रक्तदाबावर तिचा फारसा परिणाम दिसत नव्हता. वृत्ती तितकीच प्रबळ, पण हाताशी काहीच नाही, अशा माणसांचा रक्तदाब चढलेला दिसत होता. जिद्द तीच, फक्त एकाला ती परवडते आणि दुसऱ्याच्या धमन्यांतून वसूल होते.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चिवटपणाचं जगभर कौतुक होतं. गुलामगिरी सोसली, झाडांना टांगून केलेले खून सोसले, वेगळे नळ आणि वेगळ्या शाळा सोसल्या, तरी हा समाज गातो, लढतो, उभा राहतो, असं आपणही भारावून म्हणतो. हे कौतुक मला दिवसेंदिवस संशयास्पद वाटू लागलं आहे. या समाजातल्या शहाण्या माणसांनी, त्यातही बायकांनी, गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे सांगितलं आणि करून दाखवलं ते या कौतुकाच्या उलट्या दिशेचं आहे. सोसण्याची ताकद वाढवणं त्यांना नको होतं. सोसून झिजलेल्या शरीराची देखभाल कोण करणार, हा त्यांचा प्रश्न होता.

*

झिजण्याचं शास्त्र थोडक्यात सांगतो. आर्लीन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२ मध्ये बाळंतपणांच्या आकडेवारीतली एक विचित्र गोष्ट मांडली. गोऱ्या स्त्रियांमध्ये किशोरवयापेक्षा विशीतलं बाळंतपण बाळाला अधिक सुरक्षित, हे अपेक्षेप्रमाणेच होतं. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये मात्र विशीच्या मध्यावर बाळाचा धोका किशोरवयीन मातांपेक्षा वाढलेला दिसत होता. याचा अर्थ विशीतच त्यांची शरीरं वयाच्या पुढे निघून गेली होती. सततचा अपमान, पोटाची चिंता, पोलिसांची धास्ती यांमुळे तणावाची संप्रेरकं वर्षानुवर्षं चढीच राहतात. हृदय, रक्तवाहिन्या, प्रतिकारशक्ती हळूहळू खालावत जाते. २०२३ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांच्या मृत्यूचं प्रमाण ५०.३ होतं, गोऱ्या मातांचं १४.५. पैसा आणि कीर्ती असूनही सुटका होतेच असं नाही. सेरेना विल्यम्सला २०१७ मध्ये बाळंतपणानंतर श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. आपल्याला रक्ताच्या गुठळ्या होतात हे तिला माहीत होतं, तरी स्कॅन करा म्हणून तिला रुग्णालयातल्या लोकांशी हुज्जत घालावी लागली. फुप्फुसात खरंच गुठळ्या निघाल्या.

मग माणसं वेळीच डॉक्टरकडे का जात नाहीत? या प्रश्नाचं एक उत्तर अलाबामातल्या टस्कीगी गावाचं नाव घेऊन दिलं जातं. तिथे सरकारी आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर पाळत ठेवली. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. रोग पुढे कसा सरकतो ते पाहायचं म्हणून पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिलं नाही. अशी आठवण असलेल्या समाजाला ‘तपासणीला या’ म्हणणारी भिंतपत्रकं लावून काय होणार?

*

या प्रश्नाचं एक उत्तर कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने दिलं. आपल्याकडे पँथर म्हटलं की काळं जाकीट, मूठ आणि आग आठवते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने ओकलंडहून ते नाव उचललं, सोबत त्यातला संताप उचलला. त्या आधी जवळजवळ शंभर वर्षं, १८७३ मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीच्या कार्यकर्त्यांना अर्पण केलीच होती. पण ओकलंडच्या पँथरांचं सकाळी सहाचं रूप मराठीत फारसं आलं नाही, असं मला वाटतं.

ते रूप असं. जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये पँथरांनी शाळकरी पोरांना फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली. अंडी, टोस्ट, दूध, आणि ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्यांची घट्ट पेज. उपाशीपोटी फळ्यावरचं काही डोक्यात शिरत नाही, एवढं साधं कारण. वर्ष सरेपर्यंत ही न्याहारी देशभरातल्या अनेक शहरांत सुरू झाली. एफबीआयचा प्रमुख जे. एडगर हूव्हर याने त्याच वर्षी खात्याच्या अंतर्गत पत्रात या न्याहारीलाच पँथरांचं सर्वांत प्रभावी आणि म्हणूनच सर्वांत धोकादायक काम ठरवलं. बंदुकांपेक्षा पेजेची भीती वाटणारा पोलीस अधिकारी मूर्ख होता असं मी म्हणणार नाही. त्याला नेमकं कळलं होतं.

१९७० मध्ये पक्षाचे एक संस्थापक बॉबी सील यांनी प्रत्येक शाखेला दवाखाना काढायला सांगितलं. शिकाऊ डॉक्टर, परिचारिका, मागून आणलेली औषधं अशा भांडवलावर हे दवाखाने चालले. पुढच्या वर्षी त्यांनी सिकलसेलच्या तपासण्या हाती घेतल्या. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या वाचकांना हा आजार समजावून सांगायला नको. कोयत्याच्या आकाराच्या त्या रक्तपेशी आणि सांध्यांतल्या त्या कळा तिथल्या किती तरी घरांत ठाऊक आहेत. अमेरिकेत तो मुख्यतः कृष्णवर्णीयांचा आजार, म्हणून संशोधनाच्या यादीत शेवटी. पँथर पोरं दारोदार जाऊन बोटातून रक्ताचा थेंब घेत आणि त्याच वेळी सांगत, की हे काम सरकारचं आहे. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी सिकलसेल नियंत्रणाच्या कायद्यावर सही केली. त्याचं सगळं श्रेय पँथरांना देणं अतिशयोक्तीचं ठरेल. पण त्यांच्या दवाखान्यातला प्रत्येक तपासलेला रुग्ण हा सरकारवरचा आरोपही होता, हे विसरून चालणार नाही.

आणि याच पक्षात एरिका हगिन्स होत्या. जानेवारी १९६९ मध्ये त्यांचे पती जॉन यांना लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गोळ्या घालण्यात आल्या. मुलगी तेव्हा तीन आठवड्यांची होती. काही महिन्यांत एरिका कनेक्टिकटमध्ये खुनाच्या कटाच्या आरोपाखाली तुरुंगात गेल्या; १९७१ मध्ये ज्युरींचं एकमत न झाल्याने खटला निकालात निघाला. मधल्या काळात मुलीची भेट आठवड्यातून एकदा, थोड्या वेळाची. ती भेट ढसाढसा न रडता निभवायची कशी? वकील चार्ल्स गॅरी स्वतः योगासनं करत, त्यांनी योगाचं एक पुस्तक आणून दिलं. एरिकांनी त्यावरून कोठडीत आसनं आणि ध्यान शिकून घेतलं. पुढे १९७३ ते १९८१ त्या पँथरांच्या ओकलंड कम्युनिटी स्कूलच्या संचालक होत्या आणि तिथली पोरंही गणित-भाषेइतक्याच सहजपणे डोळे मिटून शांत बसत. (योग म्हटल्यावर आपली कॉलर ताठ होते, म्हणून सांगतो : बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सही योगासनं करत. १९७३ सालची त्यांची तशी छायाचित्रं अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. यात भारताचं काही कर्तृत्व नाही. गरज त्यांची होती, हाताला लागलं ते त्यांनी वापरलं.)

*

बिली एव्हरी यांचे पती १९७० मध्ये हृदयविकाराने गेले, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. नवरा-बायको दोघंही शिकलेली, तरी रक्तदाब काय करू शकतो याचा घरात कोणाला पत्ता नव्हता. या धक्क्यातून एव्हरी आरोग्याच्या कामात शिरल्या. फ्लोरिडात गेन्सव्हिलला १९७४ मध्ये मैत्रिणींसोबत स्त्रियांचं आरोग्यकेंद्र काढलं आणि १९८३ मध्ये अटलांटाच्या स्पेलमन महाविद्यालयात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यावर परिषद भरवली. सुमारे दोन हजार बायका आल्या. त्यातूनच एक राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचं मुख्य काम दिसायला अगदी साधं होतं : दहा-बारा जणींनी गोल करून बसायचं आणि खरं बोलायचं. रक्तातली साखर, वजन यांची चर्चा सुरू व्हायची आणि थोड्याच वेळात बोलणं घरातल्या मारहाणीवर, लहानपणी नात्यातल्या पुरुषाने केलेल्या अत्याचारावर यायचं. ‘काळी बाई खंबीर असते’ हे ऐकत त्या वाढलेल्या. रडायची सोय नाही, थकलं म्हणायची मुभा नाही. एव्हरींचं म्हणणं असं, की आधी हे गप्प बसणं मोडायला हवं, व्यायामाचं नंतर पाहू. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत धाडसी टप्पा वाटतो. पोलिसांसमोर उभं राहायला लागतं त्याहून वेगळं धैर्य बहिणींसमोर कोसळायला लागतं.

त्याच सुमारास न्यूयॉर्कची कवयित्री ऑड्री लॉर्ड कर्करोगाशी झगडत होती. १९७८ मध्ये स्तन काढावा लागला. त्या जागी कृत्रिम स्तन लावायला तिने नकार दिला. त्यावर डॉक्टरांच्या दवाखान्यातली परिचारिका तिलाच रागावली, तुझ्याकडे पाहून इतरांचं मनोधैर्य खचतं म्हणून. १९८४ मध्ये रोग यकृतात पोचला. या दिवसांच्या नोंदी ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’ या १९८८च्या पुस्तकात आहेत. स्वतःची काळजी घेणं हे चोचले नव्हेत, जगाला आपण नकोसे असताना तगून राहणं ही राजकीय लढाईच आहे, हा विचार तिने तिथे मांडला. आज तो विचार सुगंधी मेणबत्त्यांच्या आणि कॉफीच्या मगांच्या जाहिरातींवर छापून विकला जातो. मरणाच्या दारात बसून एका बाईने लिहिलेलं वाक्य पाय भिजवायच्या मिठाच्या पुडीवर यावं, बाजार आणखी काय करणार!

*

केशकर्तनालयाकडे वळू. कृष्णवर्णीय वस्तीतलं ‘बार्बरशॉप’ हा पुरुषांचा पार आहे. एकच न्हावी वर्षानुवर्षं, दोन-तीन आठवड्यांनी ठरलेली फेरी, भिंतीवर टीव्ही, बास्केटबॉलवर वाद, आणि बाहेर कुठेही न बोललेल्या गोष्टी तिथे खुर्चीत बसून बोलायच्या. लॉस एंजेलिसमधले हृदयरोगतज्ज्ञ रोनाल्ड व्हिक्टर यांनी ५२ बार्बरशॉपांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वरचा रक्तदाब १४० किंवा त्याहून जास्त असलेले ३१९ पुरुष निवडले. अर्ध्या दुकानांत न्हाव्याने गिऱ्हाइकाला फक्त समजवायचं, की बाबा, डॉक्टरांकडे जा. उरलेल्या दुकानांत औषधनिर्माणशास्त्रातले प्रशिक्षित फार्मासिस्ट थेट दुकानात येऊन रक्तदाब मोजायचे आणि गिऱ्हाइकाच्या डॉक्टरांच्या संमतीने तिथेच औषध सुरू करायचे, मात्रा बदलायचे.

सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा दाब सरासरी ९.३ अंकांनी उतरला होता. दुसऱ्याचा २७. औषधं नेहमीचीच, दवाखान्यात मिळणारी. फरक एवढाच, की ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या दुकानात, कामाचा दिवस न बुडवता, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत ताटकळत न बसता ती मिळाली. न्हाव्याच्या नुसत्या सांगण्याने नऊ अंक उतरले, हेही काही थोडं नाही. पण उरलेले अठरा अंक सल्ल्याने उतरत नाहीत. त्यासाठी कोणाला तरी पगार देऊन तिथे पाठवावं लागतं.

हाच धागा मनाच्या आजारांकडे नेणारं काम आर्कान्सामधल्या लिटल रॉकच्या लोरेन्झो लुईस यांनी २०१६ मध्ये सुरू केलं. आई तुरुंगात असताना त्यांचा जन्म झाला. स्वतः तारुण्यात नैराश्यातून गेले. त्यांची ‘द कन्फेस प्रोजेक्ट’ ही संस्था न्हाव्यांना शिकवते : गिऱ्हाईक बोलतंय ते मधे न तोडता ऐकायचं कसं, लाज वाटू न देता विचारायचं कसं, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं आहे हे ओळखून पुढे पाठवायचं कसं. याची निकड आकड्यांत दिसते. २०१८ ते २०२१ या काळात १० ते २४ वयोगटातल्या कृष्णवर्णीयांच्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी वाढलं. आणि देशातल्या मानसशास्त्रज्ञांमध्ये कृष्णवर्णीय शंभरात जेमतेम पाच.

बायकांनी वेगळी वाट धरली : चालायची. टी. मॉर्गन डिक्सन आणि व्हेनेसा गॅरिसन या मैत्रिणींनी २०१० मध्ये ‘गर्लट्रेक’ची सुरुवात केली. दिवसाला अर्धा तास, आपल्याच वस्तीच्या रस्त्यावर, मैत्रिणीला सोबत घेऊन. माँटगोमेरीत १९५५-५६ मध्ये वर्णभेदाविरुद्ध ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकून आज्या-पणज्या कामाला चालत गेल्या, त्याची आठवण त्या आवर्जून काढतात. आपल्याला सकाळचं फिरणं म्हणजे निवृत्तांचा छंद वाटतो. तिथे २३ फेब्रुवारी २०२० रोजी जॉर्जिया राज्यात अहमाद आर्बरी हा पंचवीस वर्षांचा तरुण धावायला गेला असताना गोऱ्या माणसांनी पाठलाग करून त्याला गोळ्या घातल्या. अशा देशात काळ्या बायकांनी घोळक्याने रस्ता वापरणं हा नुसता व्यायाम उरत नाही.

आणि अटलांटात ट्रिशिया हर्सी चक्क झोपायला सांगतात. धर्मशास्त्र शिकताना, लहान मुलाला वाढवताना त्या थकून गेल्या. मळ्यांवरच्या गुलामांच्या राबण्याच्या जुन्या नोंदी वाचता वाचता त्यांना आपल्या थकव्याची मुळं दिसू लागली. आजीची आठवण होतीच : रोज अर्धा तास डोळे मिटून बसणारी, कोणी काही म्हणो. २०१६ मध्ये त्यांनी ‘द नॅप मिनिस्ट्री’ सुरू केली : सतरंज्या, उशा, मंद संगीत, आणि अनोळखी माणसांनी एकत्र झोपणं. माझी एक शंका आहे. रात्रपाळीला रुग्णालयात म्हाताऱ्यांची अंगं पुसणाऱ्या, दिवसा दुसरी नोकरी करणाऱ्या बाईने नेमकं कधी झोपायचं? हर्सी यांचं उत्तर असं, की मोकळा वेळ मिळेल मग झोपू म्हणणाऱ्याला तो कधीच मिळणार नाही. जिथे मिळेल तिथे दहा मिनिटं हिसकावून घ्या. उत्तर मला पुरेसं पटत नाही, पण टाकूनही देता येत नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमधल्या जिम्नॅस्टिक्सच्या सांघिक अंतिम फेरीतून सिमोन बाइल्स बाहेर पडली, हवेत शरीराचं भान सुटतंय म्हणून, तेव्हा तिला पळपुटी म्हणणारे कमी नव्हते. तिने हातोडा खाली ठेवला होता. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णपदकं घेतली. अर्थात ती घेतली नसती तरी टोकियोतला निर्णय बरोबरच होता.

न्यू ऑर्लिन्सचं एक भित्तिपत्रक या सगळ्यात मला फार महत्त्वाचं वाटतं. २००५ मध्ये कॅटरिना वादळाने शहर बुडालं, २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेल सांडलं, आणि प्रत्येक वेळी नेते-पत्रकार तिथल्या लोकांच्या चिवटपणाचे गोडवे गात राहिले. ट्रेसी वॉशिंग्टन या वकील बाईंच्या म्हणण्याची पत्रकं मग शहरात लागली. आशय असा : मला चिवट म्हणणं बंद करा, कारण तसं म्हटलं की माझ्याशी आणखी काहीही करायला तुम्ही मोकळे होता.

*

हा व्यवहार जुना आहे. फिलाडेल्फियात १७९३ च्या उन्हाळ्यात पीतज्वराची साथ आली. जवळपास पन्नास हजार वस्तीच्या शहरात पाचेक हजार माणसं मेली. काळ्या माणसांना हा ताप होत नाही अशी समजूत करून घेऊन डॉक्टर बेंजामिन रश यांनी त्यांना शुश्रूषेसाठी बोलावलं. रिचर्ड ॲलन आणि ॲबसलम जोन्स यांच्या फ्री आफ्रिकन सोसायटीची माणसं घरोघर गेली, आजाऱ्यांचं केलं, प्रेतं उचलली. समजूत खोटी होती. तीही तापाने मेली. साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकाने, काही काळ्या शुश्रूषकांनी लोकांना लुबाडलं, असं छापलं. ॲलन आणि जोन्स यांनी १७९४ मध्ये उत्तरादाखल पुस्तिका काढली आणि तीत जमाखर्च छापला. जमेपेक्षा खर्च जास्त होता.

त्याच शहरात एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या चाचणीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत होती, कित्येक केंद्रांवर गाडीतून येणं भाग होतं. चिठ्ठी देणारा डॉक्टर नाही आणि गाडीही नाही, अशी माणसं परत पाठवली जात होती आणि मरत होती. डॉ. आला स्टॅनफर्ड या बालशल्यचिकित्सक. त्यांनी भाड्याने व्हॅन घेतली, किट आणि हातमोजे जमवले, सुरुवातीचे पैसे स्वतःच्या खिशातून घातले, आणि कृष्णवर्णीय चर्चच्या वाहनतळांवर तंबू ठोकले. चिठ्ठी नको, विमा नको. देणग्या आणि शहराचे पैसे नंतर आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये, बर्फाच्या थंडीत, टेम्पल विद्यापीठाच्या क्रीडागारात त्यांच्या गटाने सलग २४ तास लसीकरण केलं. सुमारे चार हजार लोकांना लस मिळाली. काळे लोक लस घ्यायला कचरतात, असं तेव्हा रोज छापून येत होतं. इथे ते मध्यरात्री रांगेत उभे होते. त्याच वर्षी उत्तर फिलाडेल्फियात स्टॅनफर्ड यांचं कायमचं आरोग्यकेंद्र उघडलं, आणि २०२२ मध्ये बायडन सरकारने त्यांनाच आरोग्य खात्याच्या प्रादेशिक संचालकपदावर बोलावून घेतलं. चाचण्यांचे तंबू केव्हाच उठले. रक्तदाब, मधुमेह, मुलांच्या लसी यांसाठी केंद्र चालू राहिलं, आणि त्याच्या खर्चासाठी देणग्या मागणंही.